बेंदराची पोळी आणि खालची रांग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्ही आपले वाटता म्हणून — बघते, जमतंय का.

ऐंशीनंतरची गोष्ट. बेळगावात एका मेडिकल कॉलेजच्या उंदरांच्या खोलीत मी कामाला होते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी ठेवायचं. माहेर माझं बोरगाव, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. आज हे लिहितेय ते शोभाबाईंमुळं. शिकत होत्या डॉक्टरकीचं पुढचं, निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत राबायची. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बाई मुद्दाम मराठीत लिहायच्या, मला एकेक अक्षर वाचायला लावायच्या. चुकले की हसायच्या, "आक्का, एवढं तर उंदरानं पण वाचलं असतं!" त्या हसण्यावर मी लिहायला शिकले. उपकार म्हणजे आणखी काय असतं?

त्यांचा अभ्यास साखरेचा. वरच्या रांगेतल्या उंदरांना फ्रुक्टोजचं, म्हणजे फळातल्या साखरेचं पाणी. खालच्या रांगेला साधं. गोड पिणाऱ्यांच्या रक्तात चरबी चढते का, लिव्हरवर धरते का, हे बघायचं. रक्त उपाशीपोटी घ्यायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं खाणं काढायचं.

आणि नेमका तो दिवस बेंदराचा. आमच्यात त्या दिवशी बैलाला पोळी चारल्याशिवाय माणूस जेवत न्हाय — जित्राब उपाशी कसं ठेवायचं? डब्यात पुरणपोळ्या होत्या. वरचे तर रोजच सण करत होते. खालच्यांना नुसतं साधं पाणी. घातला — खालच्या प्रत्येकाला एकेक तुकडा. सकाळी बाई यायच्या आत भुसा बदलून टाकला. म्हणजे चूक कळत होती का मला? कळत होती.

दोन्ही रांगांचं रक्त जवळपास सारखंच निघालं. मोठे सर चारचौघांत बाईंना म्हणाले, "पाण्यात साखर तरी मोजून घालता का?"

बाई खोलीत आल्या. "आक्का, उंदरांच्या पोटात काय गेलंतं का हो काल?"

"न्हाय बाई."

डोळ्याला डोळा देऊन म्हणाले. त्यांनी लगेच मान हलवली — मग चूक आपलीच म्हणून नवे उंदीर आणले, सगळं पहिल्यापासून. परीक्षा सहा महिने पुढं गेली. लेक पास झाली की वखार सोडायची असं आईनं ठरवलेलं. ती माउली आणखी सहा महिने तंबाखूची धूळ खात बसली.

नोकरीची भीती होती म्हणू? नको. बाईंनी मला कधीच काढलं नसतं. त्यांच्या नजरेतनं उतरायचं नव्हतं — एवढंच. आणि त्या सहा महिन्यांतही, दमून आल्या तरी, माझं जोडाक्षर तपासायच्या. लई जीव लावला हो त्या बाईनं.

दुसऱ्या खेपेला वरच्या रांगेचं रक्त चरबीनं गढूळ निघालं, लिव्हर पिवळट. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. प्रबंध बांधून आला तसा आधी मला दाखवला. पहिल्याच पानावर, आभारात, इंग्रजीत माझं नाव. बोट ठेवून त्यांनी अर्थ सांगितला — आक्कांच्या प्रामाणिकपणामुळं हे काम तडीला गेलं.

"बरोबर लिहिलंय नव्हं, आक्का?"

मी व्हय म्हणाले.