लाकडात वास मुरतो

"तू ही घे," सर म्हणाले.

भिंतीवर शिकणाऱ्यांसाठी सहा गिटारी टांगलेल्या होत्या. घरून गिटार आणायची नाही, ज्याच्या हाताला जी येईल ती त्याने घ्यायची, असा त्या क्लासचा रिवाज. पहिल्या तीन वेळा मीही तसंच केलं. चौथ्या वेळी मी भिंतीकडे हात केला आणि सरांनी मला थांबवलं. बाल्कनीच्या दाराशी टेकवून ठेवलेली सातवी गिटार आणून माझ्या हातात दिली. तिच्या डोक्यावर, खुंट्यांच्या खाली पांढरी चिकटपट्टी. पट्टीवर स्केचपेनने माझं नाव.

मला वाटलं, माझ्यासाठी खास ठेवली. खरंच वाटलं. "थँक्यू सर" म्हणाले. हसून म्हणाले.

"हिलाच का वेगळी?" तन्वीने विचारलं. तन्वी क्लासच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, सतराव्या मजल्यावर. वाईट मुलगी नव्हती. तिने सरळ विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला. पण खोली ती केवढी!

"अगं, लाकडात वास मुरतो ना. बाकीच्यांना त्रास नको."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. बाकीच्या पाचही जणांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या तारा जुळवायला घेतल्या.

मीही घेतल्या. उठून गेले नाही. तासभर बसून वाजवलं.

मी वेसाव्याची, लोक वर्सोवा म्हणतात ते. कोळ्याची पोर. बापूस बोटीवर, आय अंधेरीच्या मार्केटात म्हावरं घेऊन बसते. कॉलेज बाहेरून केलं, बी.कॉम. झाले, दोन ऑफिसं बघितली आणि परत आयच्या शेजारी येऊन बसले. लाज म्हणून नाही, आवड म्हणून. मला गिऱ्हाइकाशी बोलायला आवडतं. सुरमईचे तुकडे मी आयपेक्षा सरळ पाडते.

गिटार पीटर अंकलकडून आली. आमच्या गल्लीच्या टोकाला घर. आयुष्यभर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं त्यांनी. हात थरथरायला लागले तेव्हा आपली जुनी गिटार मला दिली आणि ओट्यावर बसवून सी, जी, डी या तीन कॉर्ड शिकवल्या, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. तेवढ्यावर आमच्या हळदीची सगळी गाणी वाजतात. मीही वाजवायचे. झकास चाललं होतं.

एक दिवस ते म्हणाले, "सी धर. आता पहिलं बोट उचल फक्त."

मी उचललं. तार छेडली.

काय झालं ते मला सांगता येत नाही. एक बोट उचललं, एवढंच. पण सी कॉर्ड म्हणजे बंद घर असेल तर कोणीतरी समुद्राकडची खिडकी उघडली. गाणं संपल्यासारखं पण वाटेना, आणि राहिल्यासारखं पण वाटेना.

"हे काय आहे?"

"मेजर सेव्हन. जॅझवाल्यांचं. मला एवढंच येतं गं. पुढचं पाहिजे तर कोणाकडे तरी जा."

म्हणून गेले. वय सव्वीस. चार बंगल्याच्या पुढे एका टॉवरमध्ये पहिल्या मजल्यावर क्लास. सर पार्ल्याचे. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, खादीचा कुर्ता. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच. फॉर्मवर मी सगळं खरं लिहिलं. राहणार वेसावे. व्यवसाय मासेविक्री. फॉर्म वाचून सर म्हणाले होते, "वा! किती इंटरेस्टिंग!"

शिकवायचे चांगले. तेही सांगते, खोटं का बोलू? जॅझमध्ये सहाच्या सहा तारा वाजवायच्या नाहीत, तीनच स्वर धरायचे, हे मला त्यांनी शिकवलं. मधल्या तारेला बोटाच्या कडेने नुसतं टेकायचं, म्हणजे ती गप्प राहते. मायनर सेव्हन, मग डॉमिनंट सेव्हन, मग मेजर सेव्हन. घरातून निघायचं, नाक्यावर घुटमळायचं, घरी परत यायचं, तशी ती तीन कॉर्डची चाल. टू-फाइव्ह-वन म्हणतात तिला. जॅझची अर्धी गाणी ह्याच वाटेने जातात.

बाकीच्यांची बोटं दुखायची. तन्वी तर फुंकर मारत बसायची. माझी नाही दुखली. बर्फात हात घालून आणि कोलंबीचे काटे टोचून माझी बोटं आधीच घट्ट झालेली. दुसऱ्या आठवड्यात माझा स्वर सगळ्यांत साफ यायला लागला. सरांनी ते सगळ्यांना ऐकवलं पण. आणि चौथ्या वेळी ती पट्टी.

पट्टी लागल्यानंतरच्या एका शुक्रवारी सरांनी आम्हाला जॅझ कुठून आला ते सांगितलं. गुलाम करून अमेरिकेत आणलेली काळी माणसं, त्यांच्या लेकरांनी उभं केलेलं संगीत. हॉटेलात वाजवायचे पण त्याच हॉटेलात जेवायला बसता यायचं नाही. मागच्या दाराने आत यायचं, मागच्याच दाराने बाहेर. सांगता सांगता सर थांबले. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. "इमॅजिन करा," म्हणाले, "काय वाटलं असेल त्या माणसांना."

माझ्या मांडीवर माझ्या नावाची गिटार होती. मी सरांकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काही दिसलं नाही.

तेव्हा उठायला हवं होतं. नाही उठले. मला कॉर्ड पाहिजे होती. माणूस एखादी गोष्ट जीव तोडून मागतो ना, तेव्हा ती देणाऱ्याचा हात कसा आहे ते बघत नाही. मी नाही बघितला.

उलट हात घासायला लागले. लिंबू. मग कॉफीची पूड. मग टूथपेस्ट. कोणीतरी सांगितलं स्टीलच्या चमच्यावर हात चोळ, तेही केलं. नखांच्या कडा सोलून निघाल्या. तरी क्लासच्या दाराशी हात नाकाला लावून बघायचे. मग मंगळवार-शुक्रवार मार्केटला जाणंच बंद केलं. संध्याकाळची गर्दी आय एकटी सांभाळायची. पाटी उचलून डोक्यावर द्यायला शेजारच्या बाईला हाक मारायची.

तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

एका मंगळवारी घराची चावी चुकून माझ्याकडे राहिली. आयचं म्हावरं लवकर खपलं. ती मार्केटातून तशीच निघाली आणि चावी घ्यायला क्लासच्या गेटवर आली. डोक्यावर रिकामी पाटी, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. क्लास सुटला होता. मी आणि तन्वी बोलत बोलत खाली आलो आणि आय समोर.

"चावी दे," ती म्हणाली.

तन्वीने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही तुझी आई?"

मी म्हणाले, "नाही. शेजारची."

आयने ऐकलं. तीन हातांवर उभी होती, कसं नाही ऐकणार? मी पर्समधून चावी काढून दिली. तिने घेतली, कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "तुझ्या आयला सांग हां बाय, चावी मी नेली."

आणि गेली.

मला खोटं पडू दिलं नाही तिने. माझं खोटं तिने स्वतः पुरं केलं. सगळ्या गेटासमोर माझी लाज राखायला ती माझी शेजारीण झाली.

घरी गेले. वाटलं, शिव्या देईल. मारेल. तिने ताट वाढलं. बोंबलाचं कालवण, भात. मी भात नुसता कालवत बसले. शेवटी मीच म्हणाले, "आय, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? मना वाईट नाय वाटलं. तुझी मान खाली गेली, ती बघवली नाय." मग तिने विचारलं, "त्या पोरीने विचारलं, तवा तू कुनाला घाबरलीस गं?"

तन्वीला तर मी घाबरत नव्हते. मग कोणाला? एका चिकटपट्टीला? रात्रभर, दुसऱ्या दिवशी मार्केटात, पापलेट साफ करताना मी त्याच प्रश्नाशी होते. इतके दिवस मी समजत होते की वास माझ्या हाताला आहे. हाताला वास असतोच. म्हावऱ्याचा असतो, मसाल्याचा असतो, सेंटचा असतो. पण त्या क्लासात नाकं मुरडायचा हक्क एकाच बाजूला होता, आणि तो हक्क मी स्वतः लिंबू चोळून चोळून मान्य केला होता. सरांनी फक्त पट्टी लावली. बाकीचं काम मी केलं.

त्या शुक्रवारी मी मार्केटातून थेट क्लासला गेले. आयला पाटी उचलून दिली, नळावर हात धुतले जसे रोज धुते तसे, आणि गेले.

सर खुशीत होते. पुढच्या महिन्यात बिल्डिंगच्या क्लब हाउसमध्ये आमचा कार्यक्रम ठरला होता. कोण काय वाजवणार ते सांगून झालं. मग माझ्याकडे वळले.

"तुझ्यासाठी माझ्या डोक्यात एक मस्त कल्पना आहे. तू तुमचं ते पारंपरिक लुगडं नेसून ये. केसात वेणी. स्टेजवर बाजूला म्हावऱ्याची पाटी. कोळीवाड्यातून जॅझ! लोक वेडे होतील."

"तन्वी काय घालणार?"

"तन्वी? तिला हवं ते घालेल ना."

"मग मीपण मला हवं ते घालीन."

सर हसले. "अगं, तुला लाज वाटायचं कारण नाही. तुझ्या मुळांचा अभिमान बाळग."

लाज. हा माणूस मला सांगत होता लाज बाळगू नको म्हणून.

मी म्हणाले, "ठीक आहे सर. पाटी आणते. पण भरून आणते. सुरमई, बांगडा, बोंबील. ताजं, सकाळचं. स्टेजवर ठेवू."

सर गडबडले. "नाही, नाही, नुसती पाटी. रिकामी. सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही ना हॉलमध्ये. तू समजून घे."

"समजलं," मी म्हणाले. "पाटी चालते, म्हावरं नाही चालत. लुगडं चालतं, बाई नाही चालत."

मी उठले. भिंतीवर सगळ्यांत वर सरांची स्वतःची गिटार होती, तिला कोणीच हात लावायचा नाही. मी ती खाली काढली. बसले. मायनर सेव्हन, डॉमिनंट सेव्हन, मेजर सेव्हन. घाई केली नाही. तीनही कॉर्ड शेवटच्या स्वरापर्यंत वाजू दिल्या. एकदा. दोनदा. सर उभे होते. त्यांचा हात अर्धा पुढे आला होता आणि तिथेच राहिला होता. हिसकावून घेतली असती तर त्यांना स्वतःला काय म्हणावं लागलं असतं, ते त्यांना कळत होतं.

गिटार परत टांगली. "मंगळवारी गेटवर आलेली बाई माझी आय होती," मी तन्वीला सांगितलं. मग सरांना म्हणाले, "येते."

तन्वीचा मेसेज आला. सरांचा हेतू तसा नव्हता, म्हणे. मी लिहिलं, "हेतू मला दिसत नाही. पट्टी दिसते." पीटर अंकलही म्हणाले, "शिकवलं तर त्याने, थोडं पोटात घाल." नाही घालणार. शिकवलं ते खरं, अपमान केला तेही खरं. एकातून दुसरं वजा होत नाही.

शिकणं अर्धं राहिलं होतं. डिमिनिश्ड म्हणून एक कॉर्ड असते, खिळखिळी, कुठेच टेकत नाही अशी. ती मला फोनवर बघून जमेना. म्हणून यंदा नवीन क्लास शोधला. वर्सोव्याहून मेट्रोत बसायचं ते थेट घाटकोपर. तिथे एक वयस्क बाई घरीच शिकवतात.

दार त्यांनी उघडलं. "ये ना आत," म्हणाल्या.

मी दारातच उभी राहिले. म्हणाले, "बाई, आधी ऐका. मी वेसाव्याची कोळीण. आय मार्केटात म्हावरं विकते, मीपण विकते. आज सकाळीही विकलं. तुमच्या गिटारीला हे हात चालणार आहेत का? नसतील तर आत्ता सांगा."

त्या गप्प झाल्या. फार नाही, दोन श्वासांएवढ्या. त्या दोन श्वासांत त्यांच्या मनात काय काय झालं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत होते. मग त्या म्हणाल्या, "असं कोणी विचारलं नव्हतं मला कधी. चालतील."

तेवढ्याने मी विरघळले नाही. त्या दोन श्वासांची मी नोंद ठेवली आहे. उद्या वेगळी गिटार पुढे आली, तर त्याच पावली परत फिरेन, आणि तिसरं दार वाजवीन. चौथं वाजवीन. जॅझ मी सोडणार नाही, आणि मार्केटही सोडणार नाही. दोन्हीतलं एक निवड, असं मला यापुढे कोणी सांगायचं नाही.

आता कुठेही शिकायला गेले की हा प्रश्न मी उंबऱ्यावर उभी राहून विचारते. समोरच्याला अवघड होतं. होऊ दे. इतकी वर्षं ते अवघडलेपण आम्हीच वाहिलं. उत्तर मिळाल्याशिवाय मी चपला काढत नाही.