कळ दाबायची, तुमची तुम्हीच

माझ्या छातीचं हाड मधोमध कापून, हृदयाला तीन नव्या वाटा जोडून, डॉक्टरांनी ते हाड तारेनं पुन्हा बांधलं. एवढ्या मोठ्या कामात त्यांची एकही चूक झाली नाही. चूक झाली ती माझी, आणि तीही मराठीत. चौतीस वर्षं माण तालुक्यातल्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाची!

मुळात मला एक खोड आहे. समोरच्यानं इंग्रजी शब्द वापरला की त्याला मराठी शब्द सुचवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. सांगलीच्या दवाखान्यात भरती झालो त्या दिवशीही मी स्वस्थ बसलो नाही. तासगावकडची एक नर्स खाटेशी आली आणि म्हणाली, "आजोबा, काही लागलं तर हे बटण दाबा."

"बाई, बटण सदऱ्याला असतं," मी म्हणालो. "याला कळ म्हणतात."

ती हसली. "बरं, कळ तर कळ. सर आहात व्हय तुम्ही?"

आजोबाचा सर झाल्यामुळं मी खूश झालो. बायको मात्र खुर्चीतून पुटपुटली, "आवं, उद्या छाती फाडणार हायती तुमची. आज तरी गप बसा की."

संध्याकाळी भुलीच्या डॉक्टर आल्या. तरुण, शांत बाई. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सरळ सांगितलं, "सर, ऑपरेशन आमच्याकडं, पण खोकायचं काम तुमच्याकडं. तुम्ही वीस वर्षं सिगारेट ओढलीय. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून खोकला दाबून ठेवलात तर कफ साठेल, ताप येईल, आणि परत घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. तुमच्या वयात मला ते नकोय. त्यामुळं दुखणं अंगावर काढायचं नाही."

"परत मशीनवर," बायकोनं हळूच म्हटलं. एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

मग बाईंनी दुखण्याचा बंदोबस्त समजावला. ऑपरेशन संपताना छातीच्या हाडाशेजारी एक इंजेक्शन द्यायचं, त्यानं तिथल्या नसा बधिर होतात. त्याचा असर साधारण दीड दिवस टिकतो. नंतरच्या दुखण्यासाठी एक छोटा पंप, त्यातलं औषध अफूच्या जातीचं.

अफू हा शब्द कानावर पडला आणि माझं शिकणं तिथंच थांबलं. दहिवडीच्या एसटी स्टँडवरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर डोळे अर्धवट मिटून डुलतोय, आणि जाणारे-येणारे माजी विद्यार्थी चपला न वाजवता पुढं जातायत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. बाई पुढची पाच मिनिटं पंप कसा चालतो ते सांगत होत्या. मी मान डोलवत होतो. वर्गात मान डोलवणाऱ्या पोरांना काहीही समजलेलं नसतं, हे मी आयुष्यभर ओळखत आलो होतो. माझ्या बाबतीत ते कुणीच ओळखलं नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागात घशातली नळी काढली. मी अर्धा जागा, अर्धा कुठंतरी. त्याच तासगावकडच्या नर्सनं माझ्या उजव्या मुठीत वायर लावलेली एक कांडी दिली आणि कानाशी वाकून, माझ्या शुद्ध मराठीचा मान राखून म्हणाली, "सर, दुखायला लागलं की कळ दाबायची. तुमची तुम्हीच. दुसऱ्या कुणी दाबायची न्हाई."

त्या गुंगीत माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली होती. उरली होती ती घरची. लहानपणी गुडघा फुटला की आमची आई म्हणायची, "कळ दाब, आवळ दात." नर्सनं मला नेमकं तेच सांगितलं असं मला वाटलं. दुखलं तर सोसायचं, ज्याचं त्यानं. यात नवीन काय? हातातली कांडी म्हणजे माणसं बोलवायची घंटा असणार, असं मी ठरवलं, आणि चुकून वाजू नये म्हणून ती कडेकडेनं धरून ठेवली.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मूर्ख दिवस होता, आणि मी तो फार ऐटीत घालवला. कारण मला दुखतच नव्हतं. छातीवर थोडं ओझं, बाकी काही नाही. मी नर्सला म्हणालो, "बघा, माणाचं हाड हाय हे. दुष्काळात वाढलेलं."

"व्हय सर," ती म्हणाली, "आन इंजेक्शनबी हाय."

तिचं शेवटचं वाक्य मी ऐकूनही ऐकलं नाही. उलट शेजारच्या खाटेवर एक कराडचे व्यापारी कण्हत होते, त्यांना मी धीर कसा धरावा यावर चार शब्द सांगितले. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. बिचाऱ्यांना तीही बदलता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन उतरलं आणि त्याच्याबरोबर माणाचं हाडही उतरलं. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत ते मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. सल, ठणका, चमक, रग, ठसठस. अर्थातले फरक समजावताना मी मोठा रंगात यायचो. त्या सकाळी कळलं की मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. श्वास नाकाच्या शेंड्यापर्यंत घ्यायचा आणि घाईनं सोडून द्यायचा, एवढंच जमत होतं. मी कळ दाबत राहिलो. दात आवळून, डोळे मिटून, इमानेइतबारे.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. त्यांनी छातीशी धरायला उशी दिली. "ही घट्ट आवळा आणि पोटातून खोका."

मी उशीला मिठी मारली आणि घशातून खाकरल्यासारखा काहीतरी आवाज काढला.

"खोकलात?"

"खोकलो."

"सर, ह्याला खोकला म्हणतात?"

अकरा वाजेपर्यंत ताप चढला. छातीचा फोटो काढला. डावं फुप्फुस खाली बसायला लागलं होतं. मोठे डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, संध्याकाळपर्यंत कफ सुटला नाही तर नळी घालायचा विचार करावा लागेल. दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरं हाय." आमच्याकडं हे उत्तर माणूस तिरडीवरूनही देईल.

सुदैवानं भुलीच्या डॉक्टरबाईंचं माझ्या उत्तरावर समाधान झालं नाही. त्यांनी पंपावरचा आकडा पाहिला. "सर, इथं शून्य आहे. तुम्ही एकदाही दाबलं नाही?"

मला त्याचा राग आला. "दाबतोय की! सकाळपासून सारखी दाबतोय."

"मग इथं का दिसत नाही?"

"तिथं कशी दिसंल? मनातल्या मनात दाबतोय."

पहिल्यांदा उमगलं ते नर्सला. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. "मॅडम, माझी चूक हाय," ती कशीबशी म्हणाली. "सरांना बटण म्हटलेलं चालत न्हाई, म्हणून मी कळ म्हणाले."

डॉक्टरबाईंनी माझा अंगठा धरून कांडीच्या टोकावर ठेवला. तिथं एक गोल हिरवं बटण होतं. होय, बटण. मी त्याला आता बटणच म्हणतो. "अफूची सवय लागंल," मी शेवटचा किल्ला लढवला. त्या म्हणाल्या, "दोन-तीन दिवसांत काही लागत नाही. आणि तुम्ही दहा वेळा दाबलंत तरी ठरल्यापेक्षा जास्त औषध सुटत नाही, पंप आपोआप अडवतो." मी दाबलं. काही मिनिटांनी दुखणं गेलं नाही, पण त्यानं थोडं सरकून मला जागा करून दिली.

चार वाजता बायकोला आत सोडलं. नळीचं तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिचा चेहरा उतरला होता. तिनं विचारलं, "दुखतंय का?"

सवयीनं 'न्हाई' ओठांवर आलं होतं. तिच्याकडं बघून ते मी गिळलं. "दुखतंय," म्हणालो. "लय दुखतंय."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच बोललो. तिनं उशी माझ्या छातीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. मी बटण दाबलं, थोडा थांबलो, पोटातून श्वास ओढला आणि खोकलो. छाती पुन्हा उकलल्यासारखी वाटली. "आई गं!" असा मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की कराडचे व्यापारी उठून बसायच्या बेतात आले. पण कफ सुटला. एकदा, मग परत, मग परत. नर्सनं भांडं धरलं. डॉक्टरबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "येतेय हवा खालपर्यंत. असंच चालू ठेवा, मग नळी नको."

बायको रडत होती. मला वाटलं आनंदानं. मी म्हणालो, "अगं, निघाला की कफ. आता कशाला रडतीस?"

"कफासाठी न्हाई रडत मी," ती म्हणाली. "तीन म्हैनं छातीत दुखत हुतं तुमच्या. मला म्हणालासा, गॅस हाय. रोज सकाळी मी ववा भाजून तुमच्या हातावर ठेवत हुते. तुमचं काय बरंवाईट झालं असतं, तर मीच ववा चारून मारलं म्हणून जलमभर झुरत बसले असते मी. तुमास्नी त्याचं काय?"

मी सोसत होतो असं मला वाटत होतं, आणि फसवत होतो तिला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर छातीपेक्षा ते जास्त लागलं.

तिनं पदरानं डोळे पुसले, उशी नीट केली आणि पुन्हा दाबून धरली.

"आता परत खोका," ती म्हणाली. "आन दुखलं की वरडा."