पिवळ्या डोळ्यांचं घर

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सूर्यमाळच्या बाजूच्या त्या पाड्यावरची घटना अजून डोक्यातून जात नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. भीती वाटली ती त्या एका घरात, तीही भर दुपारी.

मी तेव्हा मोखाड्याला सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. आवाज दबका. एका घरातला तरणाताठा मुलगा आठवडाभर तापला, त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि तो गेला. घरच्यांनी कुणाला न कळवता माती दिली. आता त्याच्या बापाचेही डोळे पिवळे पडायला लागले होते.

"साहेब, सुनेनं नवऱ्याला खाल्लं, आता सासऱ्याला खाणार, असं बोलतात. सासूनंच भगताला बोलावलंय. उद्या तो सुनेचं नाव घेईल. मग बाईचं काही खरं नाही."

भुताळी ठरवलेल्या बाईचं काय करतात ते मी एकदा पाहिलं होतं. अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायला सांगून मी हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन निघालो.

पाड्यावर पोरंसुद्धा गप्प होती. सून ओट्यावर एकटी बसलेली. तिची सावली अंगणात पडली होती, आणि येणारी-जाणारी माणसं त्या सावलीला वळसा घालून चालत होती. आत अंधारात म्हातारा खाटेवर पडला होता. आधी मला फक्त त्याचे पिवळे डोळे दिसले. "या सायेब, बसा," म्हणाला आणि हसला. माझ्या अंगावर काटा आला.

मला विषाचा संशय होता. घराची झडती घेतली, पंचनामा केला, पेजेचं भांडं जप्त केलं. मग सुनेला समोर बसवलं.

"नवऱ्याला काय खायला घातलंस?"

"नागलीची पेज."

"आणखी?"

"काय नाय."

माझा स्वभाव तापट. आवाज चढवला, दम दिला. ती रडली नाही. "तो पेज खायाचाच नाय सायेब. पोटात मळमळतंय म्हणायचा. बघायला येणाऱ्यांचं तेवढं घ्यायचा."

"कुणाचं? काय घ्यायचा?"

ती उत्तर द्यायच्या आत म्हाताऱ्याचा भाऊ आत आला. त्यानं खिशातल्या पाकिटातून एक गोळी फोडून म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि तो ती गिळेपर्यंत उभा राहिला. मग शेजारीण आली. तिचीही गोळी. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि आणलेलं त्याने आपल्यासमोर घेतल्याशिवाय उठायचं नाही, ही तिथली रीत. पूर्वी अंडं, काकडी नेत. आता घरोघरची माणसं ठाण्या-मुंबईला कामाला जातात, येताना गोळ्या आणतात. माझ्या हवालदारानेही माया येऊन स्वतःची अंगदुखीची गोळी दिली. "बरं केलंस," असं मीच त्याला म्हणालो!

"हेच," सून म्हणाली.

तिनं कुडाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आजाऱ्याला प्रेमानं दिलेलं फेकू नये, म्हणून रिकामी पाकिटं कारवीच्या काड्यांमधल्या फटींत खोचलेली होती. दारातून ऊन आत आलं तशी ती सगळी भिंत चकाकली.

चष्मा लावून मी एकेक वाचत गेलो. तापाची, सर्दीची, डोकेदुखीची. नावं वेगळी, रंग वेगळे, पण खाली बारीक अक्षरांत बहुतेकांवर एकच औषध, पॅरासिटामॉल. मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला.

ते जवळजवळ ओरडलेच. "आणखी एकही गोळी देऊ नका! आत्ताच्या आत्ता घेऊन या. साधीच गोळी आहे हो, पण उपाशी पोटी अशी एकावर एक घेतली तर लिव्हर जातं, डोळे पिवळे होतात ते त्यानेच."

म्हणजे गोळ्यांनी मळमळ वाढे, माणूस आणखी खंगे, ते ऐकून आणखी लोक बघायला येत आणि आणखी गोळ्या देत. आमच्या डोळ्यांदेखत म्हातारा मरत होता, आणि मारणाऱ्यांत माझा हवालदारही होता. जीपमधून आम्ही त्याला खाली नेलं. तो वाचला. मुलाचं शवविच्छेदन झालं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी खात्रीनं काही सांगितलं नाही. "पण मला दुसरं कारण दिसत नाही," एवढं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भगताच्या आधी पोचलो. सगळ्यांना अंगणात बसवलं, पाकिटं चादरीवर पसरली आणि डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. कुणी मान वर करेना. शेवटी सासू उठली. तिनं त्यातलं एक पाकीट उचललं आणि छातीशी धरलं.

"ही माझी. जव्हारच्या बाजारातून चांगली म्हणून आणली. पोरगा लवकर बरा व्हावा म्हणून दोन-दोन दिल्या."

आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता सून बोलेल. बोलायचा तिचा हक्कच होता. तिनं सासूच्या हातातलं पाकीट सोडवलं, तिला उठवलं आणि आत नेलं.

गुन्हा दाखल करण्यासारखं काही नव्हतं. नोकरीभर मी प्रत्येक तपासात आधी वैर कुणाचं ते शोधलं. त्या घरात वैर कुणाचंच नव्हतं, म्हणून मी निर्दोष बाईला दम देत बसलो. त्याची लाज अजून वाटते.

आता घरात कुणी तापलं की मी पहिल्यांदा विचारतो, आतापर्यंत काय काय घेतलंस? बायको म्हणते, तुमची पोलिसी काही जात नाही. नाहीच जाणार. त्या आईला हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता, तर तिचा मुलगा कदाचित आज जिवंत असता.