‘नाही’ न लिहिणाऱ्या कुमुदताई

शनवारा मोहल्ल्यात लाइट गेली की गल्लीभर ओरड व्हायची आणि कुमुदताई चष्मा पुसून कामाला बसायच्या. आजूबाजूचे पॉवरलूम एकदम गप्प झालेले असायचे. खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली, मे महिन्याची दुपार, आणि कानांवर मोठे काळे हेडफोन. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. कोणी कितीही दार वाजवलं तरी उघडायच्या नाहीत.

त्या ऐकायच्या तो समुद्र पृथ्वीच्या पार उत्तर टोकाचा. तिथे बर्फाखाली, तळाशी, आवाज टिपणारी यंत्रं सोडलेली असतात. वर्षभर ती तिथेच पडून राहतात. उन्हाळ्यात बर्फ हटला की बोटीने जाऊन ती काढतात, आणि त्यांतल्या फायली फिरत फिरत ज्या कंपनीकडे यायच्या, तिच्यासाठी कुमुदताई घरबसल्या काम करायच्या. कोणत्या मिनिटाला सील बोलला, कुठे देवमासा बोलला, त्याची खूण करायची. संगणक हे काम करतोच, पण जिथे त्याला कळत नाही तिथे माणसाचा कान लागतो.

ताईंचे वडील महाराष्ट्रातून सीमा ओलांडून इथल्या कागद कारखान्यात आले आणि जन्मभर मशीनवर राहिले. ताईंनी कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्या शनवाऱ्यात राहायला आल्या. मी जवळच्या निंबोल्याची, त्यांची जुनी विद्यार्थिनी. एमएस्सी होऊन घरी बसले होते, तेव्हा त्यांनीच मला या कामात ओढलं.

पहिल्या दिवशी त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर बसवले. एक लांबच लांब शिट्टी गिरक्या घेत खाली उतरत गेली. मला हसू फुटलं.

“हसतेस काय वैशाली? दाढीवाला सील आहे तो. बायको शोधतोय बिचारा.” मग त्यांनी आवाज वाढवला. “आता याच्या मागे काय आहे ते सांग.”

“काही नाही ताई.”

“पहिले सुन, मग बोल.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी यायचं. मी पुन्हा ऐकलं. शिट्टीच्या मागे बर्फ कण्हत होता, आणि त्याच्याही मागे, फार लांब, एक सपाट घरघर होती. जहाज. “पाच वर्षांपूर्वी या महिन्यात हा आवाज नव्हता,” ताई म्हणाल्या. “तेव्हा बर्फ जाड होता. जहाज घुसायला जागाच नव्हती. आता पातळ झालाय, मतलब रस्ता खुला झालाय.”

माझ्या कामाच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्याकडे एका सामुद्रधुनीच्या फायली आल्या. तिथून पांढरे बेलुगा देवमासे वसंतात पिलांना घेऊन जातात. आई आणि पिलू एकमेकांना सतत साद घालत राहतात. आईची साद मोठी, पिलाची बारीक, दबकी. ताईंना त्यांत एक जोडी सापडली. तीच जोडी कशावरून, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही असं त्या स्वतःच म्हणायच्या. पण तीन दिवस त्या जोडीच्या मागे होत्या. जेवताना मला सांगायच्या, “आज पिलू लई बडबडलं.”

चौथ्या दिवशी मी गेले तर दार उघडंच होतं. ताई हेडफोन काढून बसल्या होत्या. त्यांनी ते माझ्याकडे सरकवले.

जहाज येत होतं. घरघर वाढत गेली, इतकी की कानात दुसरं काही मावेना. त्यातून आईची साद येत होती, आधीपेक्षा मोठ्याने, पुन्हा पुन्हा. पिलाचं उत्तर मात्र ऐकू येत नव्हतं. जहाज निघून गेलं. आई साद घालतच राहिली. ताईंनी फाइल पुढे सरकवली, अजून पुढे सरकवली. पुढच्या एका फाइलमध्ये तीही थांबली. नंतर नुसता बर्फ.

“आता काय करायचं ताई? कोणाला कळवायचं?”

“काय कळवणार? हे मागल्या वर्षीचं आहे, पोरी. आपण आज ऐकतोय.”

तिथे त्यांनी खूण केली नाही. रकान्यात लिहिलं, ‘जहाजाच्या आवाजामुळे ऐकू येत नाही’. तशी सोय तेव्हा होती. आहे, नाही, ऐकू येत नाही, असे तीन चौकोन असायचे.

महिन्याभराने कंपनीने तिसरा चौकोन काढून टाकला. त्या सामुद्रधुनीतून एखाद-दुसरं नाही, वसंतापासूनच नियमित जहाजं सोडता येतील का, हे आता कोणाला तरी ठरवायचं होतं, आणि त्यांना सरळ उत्तर हवं होतं. ताईंनी काम थांबवून फोन लावला. स्पीकर चालू होता, मी समोरच बसले होते.

“मॅडम, प्राण्याचा आवाज येत नसेल तर ‘नाही’ लिहा ना,” पलीकडचा कंपनीचा साहेब म्हणाला.

“आवाज आहे. जहाजाचा आहे. त्याच्याखाली काय आहे ते मला माहीत नाही.”

“म्हणजे नाहीच ना?”

“माहीत नाही आणि नाही, ह्या दोन गोष्टी आहेत साहेब. मी आठवीच्या पोरांनाही हे शिकवलंय.”

“आम्हाला डेडलाइन आहे मॅडम.”

“तुमची डेडलाइन तुम्ही सांभाळा. मी ‘नाही’ लिहिणार नाही.”

आठ दिवसांत त्यांचं काम बंद झालं. उरलेल्या फायली माझ्याकडे आल्या.

हे लिहिताना हात थांबतो. घरी पहिल्यांदाच मला कोणी कामाचं माणूस म्हणत होतं. वडील केळीच्या बागेतून आल्यावर विचारायचे, “तुझे मासे काय म्हणतात?” मला ते सोडवत नव्हतं. मी ऐकलं, घरघर ऐकू आली, आणि मी ‘नाही’ लिहिलं. पहिल्या फाइलला वेळ लागला. नंतर सवय झाली. घरघर असलेल्या सगळ्या फायलींना मी ‘नाही’ लिहिलं.

होळीच्या आसपास निर्णय झाला. जहाजं आता वसंतापासूनच नियमित सुटणार होती. मी ताईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारलं, “तू काय लिहिलंस?”

“नाही.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “फायली आहेत तुझ्याजवळ? आण.”

आम्ही दोघी सहा दिवस ऐकत बसलो. सहाव्या दिवशी एका ठिकाणी जहाजाचं इंजिन काही क्षण मंदावलं. त्या तेवढ्या फटीतून आवाजांचा लोंढा आला. शिट्ट्या, चिवचिव, टकटक, एकमेकांवर चढलेल्या हाका. एक-दोन नाही, अख्खा कळप होता. मग इंजिनाने पुन्हा वेग घेतला आणि पुन्हा तीच सपाट घरघर.

ताईंनी ती वेळ कागदावर लिहून दिली. मी ती कंपनीला मेल केली, चूक माझी आहे असंही लिहिलं. उत्तर लगेच आलं. आभार मानले होते, आणि अहवाल आता गेलेला आहे असं कळवलं होतं.

“ताई, मला माफ करा,” मी म्हणाले.

“माझी कशाला माफी मागते?” त्या म्हणाल्या.

जहाजं सुटली. त्या वसंतात तिथे काय झालं, ते कळायला पुढचा हिवाळा यावा लागणार होता. ताईंना तेवढी सवड मिळाली नाही. भाद्रपदात एका सकाळी भाजी निवडता निवडता त्या कलंडल्या. शेजारणीने मला फोन केला. मी निंबोल्याहून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तापीच्या घाटावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची गर्दी झाली होती. त्या निवृत्तीनंतर कानांना काय लावून बसायच्या, हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर त्या वसंताच्या फायली आल्या. मी पहिल्या दिवसापासून ऐकायला सुरुवात केली. इंजिन कुठे मंदावतं का, याची वाट बघत होते. एक जहाज जायच्या आत दुसऱ्याची घरघर सुरू व्हायची. फायलींतला चैत्र गेला, वैशाख गेला. मी शेवटच्या फाइलपर्यंत ऐकलं. फट कुठेच नव्हती.

सगळ्या फायली समोर उघड्या आहेत. प्रत्येकीपुढे दोनच चौकोन आहेत. कंपनीचा दोनदा फोन येऊन गेला, उद्या पुन्हा येईल. अजून मी एकाही चौकोनाला हात लावलेला नाही.