कडीला पडवळ

सकाळी दारावर टकटक झाली आणि उघडल्यावर समोर कोणीच नसलं, तर पडवळ आलं असं समजायचं. घणसोली गावातल्या त्या इमारतीत आम्ही बारा भाडेकरू होतो. आमचे घरमालक गच्चीवरच्या बागेतली भाजी तोडायचे, देठाला सुतळी बांधून एकेकाच्या कडीला अडकवायचे आणि निघून जायचे. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, तो सोडायला ते हमखास विसरत. मग जरा वारा आला की दगड दार वाजवायचा.

"बाबा, कालचंच अजून संपलं नाही हो," मी त्यांना जिन्यात गाठून म्हणायचो.

"मी काय करू, सातारकर? येल माजा आयकत नाय."

दोष नेहमी वेलाचा. निळ्या पिंपांत माती भरून सगळी गच्ची वेलांनी यांनीच झाकली होती, ते सोडून द्या.

एप्रिल-मे म्हणजे नुसता कहर. आमच्याकडे पडवळाची डाळ, पीठ पेरून पडवळ, बियांची चटणी, आणि एकदा तर पडवळाचं थालीपीठ. तिसऱ्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या जोडप्याने गावाला गेल्याचं दाखवायला बाहेरून कुलूप घातलं आणि शेजारच्या गॅलरीतून घरात ये-जा सुरू केली. बाबांनी कुलपालाच दोन पडवळं अडकवली. मी एकदा एक पडवळ बसमध्ये मुद्दाम विसरलो, तर कंडक्टर ते घेऊन माझ्यामागे स्टॉपपर्यंत धावत आला. मी त्याचे आभारसुद्धा मानले.

एवढं वाटूनही बाबा रोज विचारायचे, "नावड्याकरं कोन जातंय का?" आणि उत्तर न ऐकताच गच्चीवर निघून जायचे. शेवटी तळमजल्यावरच्या मावशींनी मला खरं ते सांगितलं. बाबांची एकुलती लेक नावड्याला दिलेली. इमारतीच्या जागेवर पूर्वी तिच्या आईचा भाजीचा वाफा होता. आई गेली, बाबांनी वर्षाच्या आत वाफा मोडून इमारत बांधली आणि लेक म्हणाली, आता मी या घरात पाऊल ठेवणार नाही. तीन उन्हाळे ती आली नव्हती. गच्चीवरचं सगळं तिच्यासाठी होतं. आम्ही आपले फुकटचे खाणारे. मला फार लाज वाटली.

माझी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तिथून नावडे जवळच. दुसऱ्या दिवशी सगळ्यात लांब पडवळ स्कूटरला टांगून निघालो. दगड वाटभर गुडघ्यावर आपटत होता. पत्ता मावशींनी दिला होता, पण दारात गेल्यावर काय बोलावं ते सुचेना. मी पडवळ कडीला अडकवलं आणि सटकलो.

फाटकापाशी पोचेपर्यंत मागे दगड वाजला.

"ओ दादा, थांबा."

तिच्या हातात दगड होता आणि तो बांधलेली हिरवी चिंधी.

"ह्या आयच्या लुगड्याचा तुकडा हाय," ती म्हणाली. मग चिंधी मुठीत धरून तिने विचारलं, "बाबांनी किती लावलंय?"

"गच्ची भरून. ताई, तुम्ही या आणि आम्हाला सोडवा."

ती डोळे पुसत खदखदून हसली.

रविवारी ती दोन मुलं आणि चार रिकाम्या पिशव्या घेऊन आली. आठवडाभर आमची कडी मोकळी. मी बाजारातून पैसे देऊन भेंडी आणली आणि नेमके जिन्यात बाबा भेटले.

"बाबा, आमचं पडवळ?"

"मी काय करू? येल आता लेकीचा आयकतंय," ते म्हणाले. इतका खूश माणूस मी त्या इमारतीत दुसरा पाहिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. या मे महिन्यात आता कसली भाजी, असं धरून मी आदल्या दिवशीच पिशवी भरून आणली होती. सकाळी दारावर टकटक झाली. उघडलं, तर समोर कोणीच नव्हतं. लेकही दगड सोडायला विसरली होती.