ओटीतली हळद

बायकोच्या मांडीवर ओटीची पिशवी दिसली आणि मी तिच्यावर खेकसलो, त्याची लाज मला आजही वाटते. आमच्या पाच वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला होता. भडगावच्या डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला आणि इंजेक्शन धुळ्यालाच मिळेल, आत्ताच्या आत्ता निघा, एवढेच सांगितले. अशा वेळी हिला धुळ्याच्या एकवीरामातेची ओटी सुचते, याचा मला संताप आला. "आधी डॉक्टर, मग तुझी देवी," असे म्हणून मी गाडी काढली. गाडीखालच्या जमिनीवर ओल दिसली होती. घाईत तिच्याकडे काणाडोळा केला.

पारोळे मागे पडले आणि बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या. मे महिन्यातली भर दुपार, रस्त्यावर ना एस.टी. ना ट्रक. मागच्या सीटवर मुलीचा श्वास घरघरत होता. मी स्वभावाने उतावळा, त्यात भीतीने पार गांगरून गेलो. पाण्याचा तांब्या घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच कुणी तरी ओरडले.

"हात नको लावू भाऊ! भाजी जाशी!"

शेजारच्या शेतातून एक म्हातारा शेतकरी धावत येत होता. त्याच्या विहिरीवर तेलाचे इंजिन होते, त्यामुळे त्याला यातले कळत होते. "आते थंड पानी टाकशी ते इंजिन तडकी जाई. थंडं व्हवू दे. पोरले सावलीम्हा बसाड."

तो अर्धा तास मी कसा काढला, ते माझे मला माहीत. बायको निंबाखाली मुलीला छातीशी उभी धरून बसली होती. मुलीचे ओठ काळसर दिसत होते. एक श्वास आला की पुढचा येईल की नाही, या धास्तीने मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मनात आले, ही आता माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि निघतानाची ती ओल मला जन्मभर दिसत राहणार. करण्यासारखे हातात काहीच नव्हते. कधी देवळाची पायरी न चढलेला मी, "आई, आई" म्हणू लागलो होतो.

इंजिन निवल्यावर म्हाताऱ्याने ओले गोणपाट टाकून टोपण उघडले आणि घागरभर पाणी ओतले. खालच्या जाळीतून ते बारीक धारेने गळू लागले. म्हाताऱ्याने बायकोला विचारले, "अक्का, हयद शे का? आमना इंजिनले बी आसंच करतस."

बायकोने ओटीतली हळदीची पुडी काढली. पिशवीतला खण-नारळ पाहून म्हातारा मागे सरला. "हाई ते देवीनी शे."

"घ्या आबा. पोरगीही तिचीच आहे," ती म्हणाली.

हळद पाण्यात कालवून त्याने रेडिएटरमध्ये ओतली आणि मला इंजिन सुरू करायला लावले. खाली पिवळे थेंब पडू लागले. मग ते विरळ झाले, मग थांबले. आपली भरलेली घागर त्याने गाडीत ठेवली. "हयू जाय," हाताने सावकाशीची खूण करत तो एवढेच म्हणाला.

धुळ्यात मुलीला इंजेक्शन मिळाले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पाणी मागितले.

ती बरी झाल्यावर आम्ही एकवीरामातेला गेलो. ओटीत हळद नव्हती. बाहेरच्या दुकानातून आणतो म्हणून मीच लगबगीने वळलो, तर बायकोने हात धरला. "राहू द्या. तिची तिला रस्त्यातच पोचली."

परतताना घागर द्यायला थांबलो. मी पाया पडू लागलो, तर म्हातारा संकोचून गेला. "पोरगी कशी शे?" त्याने विचारले. तीच गाडीतून उतरून त्याच्याकडे धावली.

हळदीने बारीक भोक बुजते, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. मी वाद घालत नाही. मला आठवतो तो अर्धा तास. त्या वेळी टोपणावरचा हात मागे घेऊन नुसते बसून राहायचे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तसा बसलो. आता जीव घाबरा झाला की मी हात मागे घेतो आणि आईला हाक मारतो. मुलगी आता सासरी आहे.