सहा दिवसांत पाच बाऱ्या

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे. आठवीत असताना वडील मला शाळेतून काढायला आले होते. सर खडूनं भरलेल्या हातांनीच वर्गाबाहेर आले आणि म्हणाले, "भाई, याला मॅट्रिकपर्यंत माझ्याकडं राहू द्या. मग खुशाल न्या." वडील मला तिथंच ठेवून घरी गेले. पुढं मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात तोवर कुणी दहावीही पाहिली नव्हती.

सरांना एक सवय होती. फळ्यावर कुणी अर्धा लिहिला की ते विचारत, "कशाचा?" पाव लिहिला तरी तेच. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांची नक्कल करायचो. कुणी पेरू मागितला की म्हणायचं, "देतो. पण कशातला?"

मला नोकरी लागली ती चाकूरच्या पुढं एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला आणि निम्मं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागलं. सातवीच्या वर्गात मुली थोड्याच उरल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझी झोप उडवली.

मी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिलं होतं. ती उठून आली आणि उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. सगळी पोरं करतात तीच चूक. मी म्हणालो, "छेद सारखे कर. लसावि काढ."

"का पण, गुरजी?"

"तशी रीत आहे."

"आमच्या घरी तर असंच हाय," ती म्हणाली. "वरच्या विहिरीत दोन वाटेकरी, त्यातले एक आम्ही. खालच्या विहिरीत तीन, त्यातले एक आम्ही. समदे मिळून पाच वाटे, आमचे दोन. मग दोन पंचमांशच की!"

"हाव गुरजी, बराबर हाय तिचं!" मागून दोघंतिघं ओरडले.

"विहिरीत उतरवा तिला, मोजून यील," एक पोरगा म्हणाला.

"तू आधी तेराचा पाढा म्हण," ती वळूनही न बघता म्हणाली.

वर्ग हसला. मीही हसलो. तिचं उत्तर चूक आहे हे मला ठाऊक होतं. का चूक आहे, ते सांगता येईना. "उद्या सांगतो," म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी पूर्णांक काढले. विहिरीचा काठ म्हणजे शून्य, वर अधिक, खाली उणे. पोरांना ते चटकन कळलं. पाणी काठापासून किती खाली गेलंय हे त्या वर्षी लहान पोरही सांगत होतं. ती मात्र माझ्याकडं बघत राहिली. उद्या होऊन गेला होता.

त्याच आठवड्यात तिचे वडील रस्त्यात भेटले. डोक्याला टॉवेल, भुवयांवर खडीची भुकटी. "गुरजी, सातवी निघाली तर पोरीला चाकूरला घालू. न्हाई निघाली तर माझ्यासंगं खडीवर. घरी बसवून काय करू?" त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. सातवीची परीक्षा केंद्रावर होत असे आणि ती तोंडावर आली होती. बाकी विषयांत ती कशीबशी तरली असती. गणितातच तिचे गुण येण्यासारखे होते. आणि पटल्याशिवाय ती लसावि काढणार नाही, हेही मला दिसत होतं. जेवताना ताटात बोटानं विहिरी काढायचो. सायकलवरून जाताना आपल्याशीच बोलायचो. इतकी वर्षं लसावि काढत आलो, पण कशासाठी काढतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

रविवारी एस.टी.नं नांदेड गाठलं. सर निवृत्त होऊन तिथं जुन्या वस्तीत राहत होते. दारातल्या बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मनापासून हसले.

"बी.एस्सी. होऊन बसलास मियाँ, आणि एका पोरीनं अडवलं?"

"सर, उत्तर सांगा. सोमवारी तिच्यासमोर उभं राहायचंय."

"दोन पंचमांश कशाचे?"

"विहिरीचे."

"कोणत्या?"

मी बाजेवर बोटानं दोन विहिरी काढल्या.

"मला काय विचारतो? तिला विचार. विहीर तिची आहे."

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत मी सरांवर मनातल्या मनात चिडलेला होतो. एवढ्या लांब जाऊन प्रश्नच घेऊन आलो होतो.

सोमवारी तिला उभं केलं. "तुझे दोन, ते कशाचे?"

"वाट्यांचे."

"दोन्ही वाटे सारखे?"

तिनं बोटं मोजली. "न्हाई गुरजी. वरच्या विहिरीवर दिसाआड आमची बारी येती. खालच्या विहिरीवर दोन दिस सोडून."

"आणि पाणी?"

"दोन्हीला सारखंच झिरपतंय. ज्याची बारी त्यो दिसभरात शेंदून काढतोय."

मग ती न बोलावताच फळ्याशी आली. दिवसांच्या उभ्या रेघा मारल्या. वरच्या विहिरीची बारी असेल तिथं गोल, खालच्या विहिरीची असेल तिथं फुली; पहिल्या रेघेवर दोन्ही. सातव्या रेघेवर गोल आणि फुली पुन्हा एकत्र आली, तशी तिनं ती रेघ पुसली.

"हितून पुन्ना पहिल्यासारखंच. सहा दिसांत पाच बाऱ्या." तिनं खाली पाच छेद सहा लिहिलं. "पाच षष्ठांश. एका विहिरीचं रोजचं पाणी धरलं, तर त्याचं."

कोपऱ्यात तिचे जुने दोन पंचमांश मी परत लिहून ठेवले होते. त्यांच्याकडं बघत ती पुटपुटली, "ह्यो तर अर्ध्याच्या बी खाली हाय. अर्धं तर एकट्या वरच्या विहिरीचंच हाय की."

"म्हंजे खालच्या विहिरीनं तुमचंच पानी पिलं व्हय!" पाढेवाला ओरडला.

या वेळी तीही हसली आणि तळव्यानं ते पुसून टाकलं. दोन्ही बाऱ्या पुन्हा जुळायला लागणारे सहा दिवस, म्हणजेच लसावि. हे मी नोकरीला लागल्यावर, पोरांच्या बरोबरीनं शिकलो.

परीक्षा झाली. निकाल येईना. जिल्हा नवा, कागदांचे गठ्ठे अजून इकडून तिकडं चाललेले. दरम्यान ती आईवडिलांबरोबर खडीवर जाऊ लागली. निकालाची चौकशी करायला मी सायकल मारत चाकूरला जायचो तेव्हा वाटेत दिसायची. हातोडी खाली ठेवून उभी राहायची. मी मान हलवली की पुन्हा बसायची. हळूहळू तिनं उठून उभं राहणं सोडलं, नुसतं वर बघायची. त्या रस्त्यानं जाणं मला नको वाटू लागलं.

शेवटी निकाल आला. त्या संध्याकाळी मी सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सलाम.

मुलगी सातवी पास झाली. गणितात चांगले गुण आहेत. आज चाकूरच्या शाळेत तिचं नाव घातलं. वडील कामावर खाडा करून आले होते. तुम्ही माझ्या वडिलांना म्हणालात तसं काहीतरी मी त्यांना म्हणणार होतो, पण तोंडातून एवढंच निघालं की पुस्तकं मी बघतो. ते 'बरं' म्हणाले. अजून पाऊस नाही, पुढच्या वर्षीही ते 'बरं'च म्हणतील का, सांगता येत नाही.

येताना तिनं विचारलं, काठाच्या खाली उणे हे कळलं, पण उणेला उणेनं गुणलं की अधिक कसं होतं? रीत आहे, असं ओठावर आलं होतं. म्हणालो, मला माहीत नाही.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. तुम्ही 'कशाचं?' एवढंच विचाराल हे ठाऊक आहे, तरी येतो.

आपला विद्यार्थी"